बोटीच्या इंजिनाचं तेल: निवडायचं कसं, आणि त्यात इंधन उतरलं तर काय करायचं

डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) काढली, पुसली, परत घालून पाहिली आणि तेल मागच्या वेळेपेक्षा वर दिसलं, की नवखा माणूस निर्धास्त होतो. तेल जळत नाहीये, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, असं त्याला वाटतं. पण इंजिन स्वतः तेल बनवत नाही. पातळी वाढली म्हणजे तेलात दुसरं काहीतरी शिरलंय, आणि बोटीवर ते दोनपैकी एक असतं: पाणी किंवा इंधन. पाणी शिरलं तर तेलाचा रंगच बदलतो, त्यामुळे ते लवकर लक्षात येतं. इंधन मात्र गुपचूप मिसळतं. तेल दिसायला तसंच राहतं, फक्त पातळ होत जातं, आणि बेअरिंगला ज्या थराचा आधार असतो तो थर झिरपल्यासारखा कमी होतो.

म्हणून या लेखात तेल निवडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तेल तसंच टिकवण्याबद्दल लिहिलं आहे. योग्य डबा निवडणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्या तेलात काय उतरतंय यावर लक्ष ठेवणं हे वर्षभराचं.

पहिली पायरी: आधी इंजिन ओळखा

तीन गोष्टी माहीत हव्यात. इंजिन दोन-स्ट्रोक की चार-स्ट्रोक, पेट्रोलचं की डिझेलचं, आणि ते थंड कसं होतं: बाहेरचं पाणी थेट इंजिनात फिरून, की मोटारीसारखं आतलं कूलंट फिरून आणि बाहेरचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जाऊन.

दोन-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर तुमचा प्रश्न सोपा आहे. तिथे तेल इंधनाबरोबरच जळतं, त्यामुळे ‘तेलात इंधन मिसळलं’ ही तक्रार उद्भवतच नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल घ्या. दुचाकीचं टू-टी तेल वापरू नका. ते हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्यात राख सोडणारे घटक असतात. टीसी-डब्ल्यू३ मध्ये ते नसतात, म्हणून पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात प्लग आणि रिंगा स्वच्छ राहतात. मिश्रणाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत असतं. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलि, २५:१ म्हणजे ४० मिलि. एवढं पाळलं की दोन-स्ट्रोकवाल्यांचं काम झालं. पुढचं सगळं चार-स्ट्रोक पेट्रोल आणि डिझेलवाल्यांसाठी.

दुसरी पायरी: डब्यावरची अक्षरं वाचा

चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनासाठी, मग ते आउटबोर्ड असो वा इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं), डब्यावर एफसी-डब्ल्यू ही खूण शोधा. हे प्रमाणपत्र अमेरिकेतली नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही संस्था देते. मोटारीच्या तेलाला ज्या चाचण्या द्याव्या लागतात त्यांच्या जोडीला इथे तेल गंज किती रोखतं आणि सतत घुसळलं गेल्यावर आपली जाडी किती टिकवतं, हेही तपासलेलं असतं.

मोटारीचं चांगलं तेल चालणार नाही का, असं सगळेच विचारतात. इंजिन काही लगेच बंद पडणार नाही. पण दोन्हींच्या कामात फरक आहे. मोटार उतारावर मोकळी धावते, सिग्नलला थांबते, ताकदीचा थोडाच भाग वापरते. बोटीला पाणी सतत मागे ओढत असतं, त्यामुळे इंजिन तासन्‌तास मोठ्या आरपीएमवर लोडखाली चालतं. मग तीच बोट आठवडाभर दमट, खारट हवेत उभी राहते. नव्या मोटारींची ०डब्ल्यू-२० सारखी तेलं इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ केलेली असतात. इंधन उतरण्याची सवय असलेल्या इंजिनात मुळातच पातळ तेल घातलं तर पुढे पातळ व्हायला जागाच उरत नाही.

डिझेल इंजिनासाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ‘सी’ने सुरू होणाऱ्या श्रेणी बघायच्या: सीआय-४, सीजे-४, सीके-४. सीके-४ हे जुन्या श्रेणींच्या जागी वापरता येतं. एफए-४ मात्र घेऊ नका. नाव शेजारचं वाटलं तरी ते रस्त्यावरच्या ठरावीक नव्या ट्रक-इंजिनांसाठी बनवलेलं पातळ तेल आहे आणि सीके-४ ची जागा ते घेत नाही. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर तेलाची आम्ल मारण्याची ताकद लवकर संपते. तिथे एकतर पुस्तिकेत सांगितलेली श्रेणी काटेकोर पाळा, नाहीतर तेल लवकर बदला. काही जुन्या डिझेल इंजिनांना एकाच ग्रेडचं, म्हणजे नुसतं ३० किंवा ४० नंबरचं तेल लागतं. तसं असेल तर ‘नवीन तेल जास्त चांगलं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तिसरी पायरी: ग्रेड

१०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा आणि दुसरा इंजिन तापल्यावरचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या तेलाची श्यानता (जाडपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण पुढे प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की तेल आपली ग्रेड सोडून खाली घसरलंय का, ते याच आकड्यांवरून कळतं. आउटबोर्डला बहुतेक १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, मोठ्या इनबोर्ड पेट्रोल इंजिनांना बऱ्याचदा २५डब्ल्यू-४०, आणि डिझेलला बहुधा १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं. शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

सिंथेटिक की मिनरल या वादात मी फार वेळ घालवणार नाही. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत लवकर वाहतं. पण ते इंधनाला अडवत नाही. पेट्रोल मिसळलं की महागडं सिंथेटिकही तितकंच पातळ होतं. तेव्हा इंधन उतरणाऱ्या इंजिनात भारी तेल घालून ते जास्त दिवस चालवण्याऐवजी साधं पण योग्य श्रेणीचं तेल घाला आणि वेळेवर बदला, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: स्वतःच्या इंजिनाची मोजपट्टी तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे ‘तेल वाढलंय की मलाच तसं वाटतंय’ या घोळात अडकतात.

तेल बदलताना नवं तेल एकदम ओतू नका. डिपस्टिकच्या खालच्या खुणेपर्यंत भरा. इंजिन थोडा वेळ चालवा म्हणजे फिल्टर भरेल. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा खालच्या खुणेवर आणा. आता मापाच्या भांड्याने १०० मिलि घाला, थांबा, डिपस्टिक बघा. आणखी १०० मिलि, पुन्हा बघा. वरच्या खुणेपर्यंत असंच जा. १०० मिलि म्हणजे तुमच्या डिपस्टिकवर किती मिलिमीटर, हे एकदाच वहीत लिहून ठेवा.

याचा उपयोग असा. समजा इंजिनात ५ लिटर तेल बसतं. १०० मिलि वाढ म्हणजे साधारण २ टक्के, २५० मिलि वाढ म्हणजे ५ टक्के. डिझेल इंजिनात २ टक्क्यांच्या पुढे सावध व्हायचं आणि ५ टक्क्यांना ते तेल बाद समजायचं, असा ढोबळ हिशोब धरतात. ५ टक्के डिझेल मिसळलं की ४० ग्रेडचं तेल ३० च्या हद्दीत उतरू शकतं. म्हणजे तुम्ही पैसे मोजले एका तेलाचे आणि बेअरिंगला मिळालं दुसरंच.

पातळी मोजताना दर वेळी स्थिती तीच ठेवा. आउटबोर्ड सरळ उभं हवं. ट्रिम (आउटबोर्डचा कल) थोडा वर असला तरी आकडा खोटा येतो. बोटीत माणसं एका बाजूला बसलेली नसावीत. शक्यतो सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी बघा, कारण रात्रभरात सगळं तेल खाली उतरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. पातळी जशीच्या तशी आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. जुनं इंजिन थोडं तेल जाळत असेल आणि तेवढंच इंधन उतरत असेल, तर डिपस्टिकवर काहीच हलत नाही. पेट्रोल इंजिनात याचा पुढचा प्रकार घडतो. संथ फिरून फिरून तेलात पेट्रोल साठतं, पातळी ‘फुल्ल’ दिसते, मग एखाद्या दिवशी लांबचा पल्ला मोठ्या आरपीएमवर मारला की तापलेल्या तेलातलं पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली येते. तेल त्या दिवशी गेलेलं नसतं, आधीपासूनच कमी असतं. म्हणून नुसत्या पातळीवर विसंबू नका, तेलाचा वासही घ्या.

पाचवी पायरी: इंधन येतं कुठून, ते समजून घ्या

याचं मूळ बहुतेक वेळा तापमानात असतं. इंजिन थंड असताना सिलिंडरची भिंत थंड असते. इंधनाचे थेंब पूर्ण वाफ न होता तिथे चिकटतात, भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतात आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरतात. थंड इंजिनात रिंगांच्या फटीही थोड्या मोठ्या असतात, त्यात चोक किंवा कॉम्प्युटर मिश्रण मुद्दाम जास्त इंधनाचं ठेवतो. गरम झाल्यावर हे सगळं थांबायला हवं.

बोटीत घोळ इथेच होतो. आउटबोर्ड आणि थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारी इनबोर्ड इंजिनं मुद्दाम थंड ठेवलेली असतात. त्यांचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) ६० अंशांच्या आसपास उघडतो, कारण पाणी त्याहून फार तापलं तर आतल्या वाटांमध्ये क्षार साचतात. मोटारीचं इंजिन ९० अंशांच्या आसपास चालतं. म्हणजे बोटीचं इंजिन ‘गरम’ झालं तरी मोटारीच्या मानाने ते थंडच. त्यात गळ टाकून तासभर आयडलवर (सर्वांत संथ वेगावर) सरकत राहिलं, की तेल इतकं तापतच नाही की त्यातलं पेट्रोल उडावं.

पेट्रोल आणि डिझेल यांच्यातला मोठा फरक इथे लक्षात ठेवा. पेट्रोल साधारण ३५ ते २०० अंशांच्या दरम्यान उकळतं, त्यामुळे त्यातला बराच भाग तापलेल्या तेलातून ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) निघून जातो. डिझेल मात्र साधारण १८० ते ३६० अंशांचं. ते एकदा तेलात उतरलं की कितीही पळवा, राहतंच. पेट्रोलवाल्याला जोरात पळवून काही प्रमाणात सुटका आहे, डिझेलवाल्याला तेल बदलण्यावाचून इलाज नाही.

चालवण्याच्या सवयीमुळे उतरणारं इंधन आणि बिघाडामुळे उतरणारं इंधन हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची खूण म्हणजे वेग. वीस-तीस तासांत पातळी हळूहळू चढली तर सवयीकडे, तापमानाकडे बघा. एका-दोन फेऱ्यांत भसकन वाढली तर कुठेतरी थेट गळती आहे.

सहावी पायरी: इंधनच आहे ना, याची खात्री

आधी पाणी वगळा. तेल दुधाळ, पिवळट-पांढरं दिसत असेल तर ते पाणी. थोडं तेल पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवा. मोकळं पाणी असेल तर तळाशी बसतं. इंधन वेगळं होत नाही.

मग नाकाचा उपयोग करा, पण तुलना करून. त्याच ब्रँडच्या, त्याच ग्रेडच्या नव्या तेलाचा डबा शेजारी ठेवा आणि आलटून पालटून वास घ्या. वापरलेल्या तेलाला थोडा जळका वास असतोच, तो इंधनाचा नव्हे.

माझी आवडती चाचणी बुडबुड्याची. दोन सारख्या, अरुंद काचेच्या बाटल्या घ्या. एकीत नवं तेल, दुसरीत इंजिनातलं. दोन्ही सारख्याच भरा, वर बोटाच्या पेराएवढी हवा राहू द्या, झाकणं घट्ट लावा आणि दोन्ही शेजारी शेजारी रात्रभर ठेवा म्हणजे तापमान एक होईल. सकाळी दोन्ही एकदम उलट्या करा. बुडबुडा वर चढायला लागणारा वेळ बघा. इंजिनातल्या तेलात तो लक्षणीय वेगाने चढला तर तेल पातळ झालंय. डिझेलमध्ये एक अडचण आहे: काजळी तेलाला जाड करते आणि इंधन पातळ करतं, त्यामुळे दोन्ही मिळून तेल ‘बरोबर’ वाटू शकतं. तिथे ब्लॉटिंग पेपरवर एक थेंब नव्या तेलाचा आणि एक जुन्याचा टाकून रात्रभर आडवा ठेवा. इंधन असेल तर काळ्या मध्याबाहेर फिकट वलय दूरवर पसरलेलं दिसतं.

या घरगुती चाचण्या दिशा दाखवतात, टक्केवारी सांगत नाहीत. संशय पक्का असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. इंजिन चालवून तेल ढवळलेलं असताना, संपच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागाच्या) मधल्या थरातून नमुना घ्या. सोबत तेलाचं नाव, ग्रेड आणि तेलाचे तास लिहून द्या. इंधनाची टक्केवारी गॅस क्रोमॅटोग्राफीने काढून मागा. नुसत्या श्यानतेवरून काढलेला अंदाज काजळीमुळे चुकू शकतो.

सातवी पायरी: सापडलं, आता काय?

पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली असेल तर इंजिन सुरू करू नका. याची दोन कारणं आहेत. पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमध्ये (तेल असलेल्या खालच्या भागात) पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, आणि इनबोर्डमध्ये ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) उतरते. बिल्ज ब्लोअर (तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवल्याशिवाय इनबोर्ड पेट्रोल इंजिन कधीही सुरू करायचं नाही, हा नियम इथे तर जिवाचा आहे. डिझेलमध्ये धोका वेगळा. जास्त भरलेलं पातळ तेल ब्रीदरमधून हवेच्या वाटेत ओढलं जातं आणि इंजिन तेच जाळून बेफाम पळू लागतं. इंधन बंद करूनही ते थांबत नाही, हवा बंद केली तरच थांबतं.

तेल बदलण्याआधी कारण शोधा. नाहीतर नवं तेलही आठवड्यात तसंच होईल.

पेट्रोल इंजिनात मी थर्मोस्टॅटपासून सुरुवात करीन. वाळूचा कण किंवा क्षार अडकून तो उघडाच राहिला असेल तर इंजिन कधी तापतच नाही. काढा, भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा आणि त्यावर लिहिलेल्या तापमानाला उघडतो का, थंड झाल्यावर पूर्ण मिटतो का ते बघा. थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन चालवणं हा काही जणांचा उपाय, पण त्यानेच तेलाची वाट लागते. त्यानंतर अडकलेला चोक, कार्ब्युरेटरची न मिटणारी नीडल, थेंब गाळणारा इंजेक्टर. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच चार-स्ट्रोक आउटबोर्डवर इंधनपंप सिलिंडर हेडच्या कव्हरवर बसवलेला असतो. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट तेलात. सुटी टाकी उन्हात असेल तर आत दाब वाढतो आणि बंद इंजिनातही पेट्रोल ढकललं जातं. बोट उभी करताना इंधनाचा पाइप इंजिनापासून सोडवून ठेवा, एवढ्याने काहींची तक्रार मिटते.

डिझेलमध्ये क्रम असा: लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील, व्हॉल्व्ह कव्हरच्या आतून जाणारे इंजेक्टरचे रिटर्न पाइप, आणि मग इंजेक्टर. गळती सापडत नसेल तर मेकॅनिक डिझेलमध्ये चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली शोधतात.

प्रोपेलरही तपासा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तिकेतल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर प्रोपेलर इंजिनाला जड पडतोय. डिझेल मग काळा धूर सोडतं, न जळलेलं इंधन रिंगांवरून खाली येतं, आणि दोष तेलावर ढकलला जातो.

कारण मिटलं की तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुन्या फिल्टरमध्येही तेच पातळ तेल असतं. एरवी तेल काढताना इंजिन गरम करतात. पेट्रोल भरपूर उतरलं असेल तर तसं करू नका, पातळ तेल थंडपणीही निघतं. काढलेलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून झाकणाच्या धातूच्या डब्यात, आगीपासून दूर ठेवा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. पाण्यात किंवा बिल्जमध्ये एक थेंबही नको.

पातळ होतंय म्हणून पुढच्या वेळी एक ग्रेड जाड तेल घालावं, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. थंड इंजिनात जाड तेल वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि इंधनाची वाट तशीच उघडी राहते.

आठवी पायरी: पुन्हा होऊ नये म्हणून

सुरू केल्यावर धक्क्याला बांधून पंधरा मिनिटं आयडलवर तापवत बसू नका. पाणी येतंय, तेलाचा दाब ठीक आहे, एवढं बघून हलक्या लोडवर निघा. इंजिन लोडखालीच नीट तापतं. संथ फिरून झालं की परतताना वीस मिनिटं तरी नेहमीच्या क्रूझिंग वेगाने चालवा. पाण्याचा काटा लवकर चढतो, तेल त्यामागून बऱ्याच वेळाने तापतं. नांगर टाकून फक्त बॅटरी चार्ज करण्यासाठी मोठं डिझेल तासन्‌तास न्यूट्रलमध्ये चालवणं शक्यतो टाळा.

नवीन इंजिनात रिंगा बसेपर्यंत थोडं इंधन उतरतं. पुस्तिकेतलं ब्रेक-इन पाळा, वेग बदलता ठेवा. पहिलं तेल बहुधा २० तासांना बदलायला सांगितलेलं असतं, ते टाळू नका. पुढे साधारण १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. तुमचं फिरणं बहुतेक संथच असेल तर मी ५० तासांना बदला म्हणेन. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या १० तासांनी मोजपट्टीशी पातळी ताडून बघा.

हंगाम संपल्यावर बोट उभी करण्याआधी तेल बदला, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला नव्हे. जुन्या तेलातली ओल आणि आम्लं महिनोन्‌महिने बेअरिंगला खात बसतात. नवं तेल घातल्यावर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग इंधनाचा पाइप सोडा, पातळी मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, आणि इंजिनाचे तास त्याच ओळीत टाका.